चार बोटं सैल

"घोड्याच्या पाठीवर बसला, तेव्हाच माणूस खरा माणूस झाला," असं माझे मेहुणे गाडी चालवता चालवता म्हणाले. मागे ट्रेलरमध्ये घोडी होती, आणि तिच्या पाठीवर असायला हवं ते खोगीर एव्हाना तिच्या पोटाखाली गेलं होतं. हे आम्हाला पत्र्यावर पहिली लाथ बसली तेव्हा कळलं.

मेहुणे धंद्याने शिंपी. त्यांच्या मुलीची, म्हणजे माझ्या भाचीची, दहा वाजता घोडेस्वारीच्या शाळेत परीक्षा होती. पास झाली तर तिला तिथेच शिकवायची नोकरी आणि घोडीला हक्काचा तबेला. निघायला उशीर झाला म्हणून खोगीर घरीच चढवलं. भाचीने सगळं रीतसर केलं. लगाम काढून तोंडाला बांधायच्या दोरीची मोहरकी घातली, रिकिबी वर बांधल्या, खोगिराचा पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, एकच भोक सैल केला. मग ती बूट आणायला आत गेली, आणि मेहुण्यांनी घोडीकडे गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघितलं.

"बसल्यावर काचेल बिचारीला," असं म्हणत त्यांनी तंगाला चार बोटं ढील दिली. तीस वर्षांत त्यांनी शिवलेली विजार कुणाला काचली नव्हती. घोडी बसणार कुठे, हे मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

गाडी कडेला घेतली. भाचीने बाजूच्या लहान दारातून आत डोकावलं. खोगीर उलटं लोंबत होतं आणि मागचा एक पाय तंगात अडकला होता. घोडी लाथ झाडायची, तंग आणखी आवळायचा, की पुन्हा लाथ.

मेहुणे मागचं दार उघडायला धावले.

"बाबा, नको! तोंडाची दोरी बांधलेली आहे. दार उघडलं की ती मागे ओढ घेईल, मान मोडेल तिची!"

"मग दोरी सोड!"

"सोडली तर आडवी होईल. आधी तंग कापायला हवा."

पाय मोडलेल्या घोड्याला पुढे गोळी घालतात, हे तिघांनाही माहीत होतं.

शिंप्याच्या खिशात कात्री असतेच. भाचीने हात पुढे केला, पण मेहुण्यांनी तिला बाजूला सारलं. "तू तिच्या तोंडाशी थांब. कापायचं काम माझं." आणि जन्मात घोड्यावर न बसलेला तो माणूस लहान दारातून कोपरांवर रांगत घोडीच्या पोटाखाली शिरला. मेहुण्यांचे पाय धरायची वेळ माझ्यावर अनेकदा आली आहे. इतक्या मनापासून मात्र मी ते पहिल्यांदाच धरले. काही झालंच तर त्यांना ओढून काढता यावं म्हणून.

कात्री कापडाची, चामडं दुपदरी. टाप त्यांच्या कानाजवळून गेली, दुसरी खांद्यावर बसली.

"बाबा, लवकर!"

"घाईत कापलं की वाकडं जातं," ते सवयीने म्हणाले. आवाज रडवेला होता.

कर्रर्र झालं आणि खोगीर धपकन खाली पडलं. मी मेहुण्यांना ओढून काढलं. दोरी सोडून, दार उघडून भाचीने घोडीला रस्त्याच्या कडेला आणलं. घोडी तीन पायांवर उभी राहिली. चौथा सोललेला पाय तिने अधांतरी धरला होता. आम्ही त्या पायाकडे किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक. दहा केव्हाच वाजून गेले होते. मेहुणे फुटपाथवर बसून म्हणत होते, "मी मारलं गं तिला. मीच."

मग घोडीने टाप हळूच जमिनीला लावली. उचलली. पुन्हा टेकली, आणि भार दिला.

भाची तिच्या मानेला बिलगून हमसाहमशी रडू लागली. चूक, क्षमा आणि आयुष्य यांवर दोन शब्द बोलावेत म्हणून मी जवळ जाऊन घसा खाकरला.

"मामा," भाची नाक पुसत म्हणाली, "पाय जरा मागे घे. लीद टाकतेय ती."