बुडबुडा मधोमध होता

मी एक जुनी लेव्हलपट्टी आहे, मित्रांनो. हातभर लांब, पिवळी. पोटात काचेची नळी आणि नळीत एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध थांबला की काम समपातळीत. एवढं एकच काम माझं, आणि त्यातच मी तोंडाला काळं फासून घेतलं.

गणपती मिस्त्रींनी मला वीस वर्षं वापरलं. गारगोटीपासून जयसिंगपूरपर्यंत कितीतरी भिंती माझ्या भरवशावर उभ्या आहेत. संध्याकाळी ते मला पुसून पिशवीत ठेवायचे. ते वारले आणि मी माळ्यावर गेले. एका दिवाळीच्या साफसफाईत त्यांच्या मुलाच्या, प्रसेनजीतच्या हातून मी फरशीवर पडले. काच फुटली नाही, पण नळी आतल्या आत सरकली. वरून काही दिसेना. त्यानं मला परत माळ्यावर टाकलं.

यंदा मिस्त्रींच्या बायकोला, शालनबाईंना पक्षाघात झाला. डावं अंग बधिर, खाट सुटेना. प्रसेनजीतनं आईसाठी एसी आणला. बसवणाऱ्याला आठ दिवस सवड नव्हती. "मिस्त्रीचं पोरगं मी, मला काय अवघड हाय?" असं म्हणत त्यानं मोबाइलवर बघून स्वतःच ड्रिल मारलं. मशीन अडकवायच्या पत्र्यावर मला ठेवलं. बुडबुडा मधोमध आला. खोटा होता हो तो! मशीन चुकीच्या बाजूला कललं होतं. मला बोलता येत नाही हे खरं, पण तेवढ्यानं लाज थोडीच जाते?

खोली गार झाली. मशीनचं पाणी मात्र त्याच्या नळीतून बाहेर जायचं सोडून भिंतीवरून, तिला लागूनच असलेल्या खाटेवर गुपचूप उतरायला लागलं. शालनबाईंच्या डाव्या अंगाखालची गादी भिजायची. बधिर अंगाला काय कळणार? घरात सगळ्यांना वाटलं, आईचा लघवीवरचा ताबा सुटला. प्रसेनजीत एकदा वैतागून बोललाच, "आई, आधी सांगायचं तरी की गं."

शालनबाईंनी पदर तोंडावर ओढला. त्यांनाही ते खरंच वाटलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी पाणीच तोडलं. भर उन्हाळ्यात दिवसाला दोन घोट. मी कपाटावरून बघत होते.

पाचव्या दिवशी त्यांना भोवळ आली. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच उरलेलं नाही. चादर बदलताना प्रसेनजीतचा हात भिंतीला लागला. भिंत ओली! त्यानं मला मशीनखाली धरलं, बुडबुडा मधोमध. मग टोकं बदलून धरलं, तर बुडबुडा पार कडेला पळाला. खरी पट्टी दोन्हीकडून एकच सांगते.

मित्रांनो, हातातून हत्यार पडलं तर ते तपासल्याशिवाय कामाला घेऊ नका. आणि गादी ओली दिसली, तर माणसाला बोलायच्या आधी भिंतीला हात लावून बघा. माझ्यासारखीच्या तोंडून हे शोभत नाही, तरी सांगते.

प्रसेनजीतनं आईचा हात धरला. "आई, तू न्हाईस गं. मशीन गळतंय. माझं चुकलं."

शालनबाईंनी मान त्याच्याकडं वळवली. मग म्हणाल्या, "मग तांब्या भरून आण की."