तोंड उघड, जीभ वर

पलटणीच्या दवाखान्यातला कंपाउंडर मोठा नेमाचा माणूस. युद्धात जागं ठेवणाऱ्या गोळ्या आल्या तेव्हा डब्यांवर 'शक्तिवर्धक' असं लिहिलं होतं. त्यानं काही विचारलं नाही. वरून आलेल्या डब्यांना प्रश्न विचारायचे नसतात. प्रत्येकाच्या तळहातावर गोळी, घोटभर पाणी, मग हुकूम: "तोंड उघड, जीभ वर." गोळी पोटात गेल्याची खात्री पटली की पुढचा.

गोळ्यांनी कमाल केली. माणसं चार-चार दिवस झोपेनात. भूक मेली, भीती पळाली. पाचव्या दिवशी एकानं आपल्याच पाण्याच्या टँकरची चाळण केली. 'शत्रूची गाळण उडाली आहे,' असं साहेबांनी अहवालात लिहिलं, आणि टँकरही शत्रूच्याच नावावर घातला.

त्या रांगेत कंपाउंडरचा सख्खा भाचा होता. निघताना बहीण म्हणाली होती, "दादा, याला तुझ्या हवाली करतेय." रांगेत भाच्याची पाळी आली तसा तो हळूच म्हणाला, "मामा, मला नको ना. घेणाऱ्यांचे डोळे बघ कसे झालेत."

मामाला घाम फुटला. चारचौघांत घरच्या पोराला सूट दिली तर लोक तोंडात शेण घालतील! त्यानं लगेच कागद केला: 'सदर जवानाने गोळी घेण्यास नकार दिला.' शिक्षा म्हणून भाचा दिवसभर पाठीवर वाळूचं पोतं घेऊन उन्हात पळला. दुसऱ्या दिवशी त्यानं मुकाट्यानं तोंड उघडलं. मामाची छाती अभिमानानं फुगली.

युद्ध संपलं, भाच्याची तलफ संपेना. हात थरथरायचे, दात कराकरा वाजायचे. बाहेरून मिळेल ती गोळी तो गिळायचा. पलटणीनं त्याला व्यसनी म्हणून बडतर्फ करायचं ठरवलं. बडतर्फ माणसाला लष्करी इस्पितळाचं दार बंद, आणि असल्या आजारावर उपचार फक्त तिथेच होता.

चौकशीला तीन साहेब बसले. "असल्या गोळ्या आपण कधी दिल्याच नाहीत," मधले साहेब म्हणाले. आता तसा पुरावाही नव्हता. डबे, याद्या, सगळं हुकुमाप्रमाणे जाळून झालं होतं. जाळलं होतं कंपाउंडरनंच, अगदी नीटनेटकं. पण शिक्षेचे कागद वेगळ्या कपाटात असतात, हे त्या हुकुमाला ठाऊक नव्हतं.

मामानं त्या कपाटातला नकाराचा कागद पुढे ठेवला. "साहेब, गोळ्या नव्हत्याच, तर यानं नकार कशाला दिला?"

मधल्या साहेबांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "शाबास! म्हणजे यानं आपली गोळी घेतलीच नाही. मग हे व्यसन बाहेरचंच!"

"दुसऱ्या दिवसापासून घेतली, साहेब. रोज. माझ्या हातून."

"त्याचा कागद?"

हुकूम पाळल्याचा कागद कोण करतो? पाच मिनिटांत भाचा बडतर्फ झाला.

बाहेर बाकावर तो कापत बसला होता. आता बहिणीला काय तोंड दाखवायचं? माफी कशी मागतात हे मामाला ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं नळावरून पेलाभर पाणी आणलं. "घे बाळा, पी."

भाचा पाणी प्यायला. मग मामाकडे बघत त्यानं तोंड उघडलं आणि जीभ वर केली.