गुलाम नबीचा धाकटा मुलगा

मुंबईच्या जहाज कचेरीचं पत्र १९६१ च्या ऑगस्टात आलं. जहाजाच्या इंजिनखोलीत काम हवं तर जहाजी पुस्तिका पाहिजे, आणि पुस्तिकेसाठी भारताचा नागरिक असल्याचा दाखला. तोही तीस तारखेच्या आत. मी पुसदला जिनिंगचं इंजिन सांभाळत होतो. वाफ कळायची, कागद कळत नव्हते.

जन्म बोरी अरबचा. तहसिलीत बाबूनं जुनं कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची वही, काढलं. त्यात पोराचं नाव नसतं. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, जन्माची नि वर्दीची तारीख, वर्दी देणारा, बस. 'गुलाम नबी, मुसलमान, मुलगा' अशा दोन ओळी निघाल्या, तीन वर्षांच्या अंतरानं. धाकटा मी. थोरला निजामुद्दीन अठ्ठेचाळीस साली कराचीला गेला.

"यातला कराचीवाला कोणता?" बाबूनं विचारलं. "आणि तू तोच कशावरून नाहीस, जलाल?"

"मी तुमच्यापुढं उभा आहे, साहेब."

"कराचीहून परत आलेलेही उभेच राहतात."

माझी अम्मी बोलायला गेली तर म्हणाला, "आई काय, काहीही सांगेल. ज्यानं जन्माची वर्दी दिली तो माणूस आण."

इथं जन्मलो हे मीच शाबीत करायचं. आणि बाबू कुठं जन्मला, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

चार दिवस उरले होते. सायकलनं बोरीला डोमाजीबाबाकडं गेलो. दोन्ही जन्मांची वर्दी त्यानंच दिलेली. तेव्हा तो गावचा कोतवाल होता. छप्पन साली त्यानं धम्म घेतला आणि कोतवालकीची काठी पाटलाच्या ओसरीवर ठेवून आला. मग पन्नाशीत सही शिकला.

"येतो ना," डोमाजीबाबा म्हणाला. "तुह्या बापानं मले कधी दारात उभं नाही ठेवलं."

दुसऱ्या दिवशी तो बाबूपुढं धडाधड बोलला. "हा धाकला होय. याच्या वक्ती नाल्याले पूर होता. तीन दिवस उशिरानं वर्दी देल्ली मी."

बाबूनं तारखा पाहिल्या. तीन दिवसांचा फरक धाकट्या ओळीतच होता.

बाबूनं जबाब लिहून कागद सरकवला. डोमाजीबाबानं सावकाश सही केली, 'डोमाजी सखाराम वाकोडे'.

"हा कोण?" बाबू म्हणाला. "बुकात डोमाजी महार आहे, निशाणी अंगठा. अंगठा दे, बाजूला मी लिहितो."

"मले सही येते, साहेब. अन् आता मी महार नाही, बौद्ध आहो."

"मग या पोराचा साक्षीदार सापडला नाही, असं लिहितो."

डोमाजीबाबानं माझ्याकडं पाहिलं. 'राहू द्या बाबा,' एवढंच म्हणायचं होतं. शब्द तोंडात होते. मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहू लागलो.

बाबूनं जबाब दुसऱ्या कागदावर उतरवला, त्यावर त्यानं अंगठा दिला. बाबूनं बाजूला लिहिलं, 'डोमाजी महार, राहणार बोरी'. सही केलेला कागद फाडून टोपलीत टाकला.

दाखला मिळाला, सोबत त्या जबाबाची नक्कल. बाहेर मी म्हटलं, "बाबा, चहा घ्या."

"नको." तो शाईचा अंगठा धोतराला पुसत राहिला. शाई निघत नव्हती. "जलाल, तो कागद आमच्या वस्तीत कोणाले दाखवू नको."

"नाही दाखवत."

"तुह्यं जहाज गाठ," म्हणाला, आणि माझ्या सायकलवर न बसता पायीच निघाला.