औषधाचा चेंडू

पोट कापलं होतं आणि दुखत नव्हतं. यावर माणसानं विश्वास तरी कसा ठेवायचा? काल दुपारी कमरेखालचं अंग बधिर करून सिझेरियन झालं, तेव्हापासून तिचा गोंधळ चालूच होता. पडद्यापलीकडे कुणीतरी रडलं, "मुलगी झाली!" असा आवाज आला, आणि हिनं विचारलं, "कुणाला?" भूल देणाऱ्या डॉक्टरबाई खो खो हसल्या होत्या.

आता तिच्या कुशीपाशी एका पिशवीत औषधानं भरलेला मऊ चेंडू पडून होता. त्यातून दोऱ्याइतकी बारीक नळी निघून थेट टाक्यांच्या आत गेली होती. जखम बधिर ठेवणारं औषध तिच्यातून थेंब थेंब झिरपत होतं. टाक्यांशेजारी बोट दाबलं, तर बोटाला पोट कळायचं, पण पोटाला बोट कळायचं नाही. हे पोट आपलंच ना, असा तिला प्रश्न पडायचा.

उशाशी बसलेल्या आईला मात्र कसलाच प्रश्न नव्हता.

"न दुखता कसलं गं बाळंतपण? आम्ही सोसलंच ना! आणि अंगात गेलेलं औषध दुधात उतरणारच. बघ, पोर कशी पेंगुळलीय."

पोर खरंच पेंगुळली होती. छातीशी धरली की दोनदा ओठ हलवायची आणि झोपून जायची. सिस्टर येता-जाता "पाजत राहा" म्हणायच्या आणि कारण विचारायच्या आत पुढच्या खाटेकडे वळायच्या. नवऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, "डॉक्टर सांगतील तसं कर, पण आईंना दुखवू नको." दोन्ही डगरींवर हात ठेवून स्वारी मोकळी! आपण पोरीला दूध पाजतोय की भूल, या विचारानं हिच्या डोक्याचा मात्र भुगा झाला.

ती शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. नळी आणि चिमटा म्हणजे तिचं रोजचं काम. या नळीवरही एक छोटा चिमटा होताच. तो दाबायचा, औषधाचा अंमल उतरू द्यायचा आणि मग पोरीला निर्धास्त पाजायचं, असा तिनं बेत केला. कुणाला न विचारता चिमटा दाबला. बेत चोख होता, फक्त पोट काचेचं नव्हतं.

संध्याकाळी पोर भुकेनं जागी झाली आणि टाहो फोडून रडू लागली. ही उठायला गेली आणि टाक्यांत अशी आग पेटली, की ती पुन्हा उशीवर कोसळली. कुशीवर वळता येईना, हात पुढे होईना. पोर हातभर अंतरावर रडत होती, आणि आई असून तिला उचलता येत नव्हतं. हीच ती खऱ्या बाळंतपणाची कळ का? मग पोर उपाशी का?

आईनं धावत जाऊन डॉक्टरबाईंना आणलं. त्यांनी नळी तपासली.

"चिमटा कुणी लावला?"

"मी," ती रडत म्हणाली. "दुधात जाईल म्हणून."

"अहो, हे औषध टाक्यांपाशीच काम करतं. दुधात उतरतं ते अगदी नगण्य. त्यानं बाळाला काही होत नाही."

"मग ती एवढी झोपते का?"

"कालच तर जन्मलीय. पहिल्या दिवशी बाळं पेंगतातच. तळवे चोळा, जागी करा आणि पाजा. आणि शंका आली, की आधी मला बोलवा."

बाईंनी चिमटा सोडला, वेदनाशामक इंजेक्शनही दिलं. हळूहळू आग निवली. सिस्टरनी पाठीला उशा लावल्या आणि पोटावर भार येऊ नये म्हणून पोरीला हिच्या काखेखाली, बाजूनं धरवलं. पोरीनं तोंड लावलं आणि या वेळी सोडलं नाही. गिळल्याचा बारीक आवाज येऊ लागला.

ही हसली. आईकडे पाहिलं, तर आई पदरानं डोळे पुसत होती.

"आई, अगं आता का रडतेस? पितेय ना ती!"

आईनं त्या नळीवरून हळूच बोट फिरवलं.

"तुझ्या वेळी मलाही असंच कापलं होतं. सगळे म्हणाले, सोस. मला तुला जवळ घ्यायचं होतं गं, पण हातच पुढे येईना."

पोरीला धरलेला हात तसाच ठेवून तिनं दुसऱ्या हातानं आईला जवळ ओढलं.