आइसक्रीम मिळालं होतं का?

“आइसक्रीम मिळालं होतं का?” हार्टविग लोझेंनी फोनवर विचारलं.

पलीकडे माराइके डिर्क्स गोंधळली. शाळेत शिक्षिका म्हणून कायम झाल्यावर तिने खासगी आरोग्य विम्याचा अर्ज केला होता. कंपनीचा माणूस असलं काही विचारेल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

“कधी?”

“ऑपरेशननंतर. तुम्ही लिहिलंय, पाचव्या वर्षी पॉलिप आणि टॉन्सिल काढले.”

“हो हो! आठवडाभर नुसतं आइसक्रीम! धाकटा भाऊ म्हणाला, माझंही काहीतरी कापा.”

“आणि त्याआधी घोरायचात?”

“आई म्हणायची, घरात करवत चालू आहे.”

लोझेंनी शेरा लिहिला: नाकामागच्या गाठी, लहानपणी काढल्या, पूर्ण बऱ्या. जादा हप्ता नको.

कासल शहरातल्या त्या विमा कचेरीत एकतीस वर्षं त्यांचं हेच काम. मुलांच्या नाकामागच्या गाठींना अख्खा देश पॉलिपच म्हणतो. डॉक्टरांच्या भाषेत मात्र पॉलिप म्हणजे भलतंच दुखणं, नाकात नाहीतर आतड्यात उगवणारं. अर्जात तो शब्द दिसला की संगणक डोळे मिटून जन्मभराचा जादा हप्ता लावायचा. मग लोझे फोन उचलायचे. आपलं किती भलं झालं, हे त्या माणसांना कधी कळलंही नाही.

“लोझे साहेब, पुन्हा फोन?” दारात नवी विभागप्रमुख उभी होती, युटा क्रेमर. “सोमवारपासून सगळं लेखी हं.”

“लेखी विचारलं तर पुन्हा पॉलिपच लिहितील, बाई.”

“मग लागू दे जादा हप्ता. शब्द त्यांचाच ना?”

एरवी लोझेंनी तिला चांगलं सुनावलं असतं. आता राग यायला हवा, हे त्यांना कळत होतं; पण आला नाही. गेल्या नोव्हेंबरात त्यांची बायको रोझविटा गेली, तेव्हापासून राग नाही, रडूही नाही. ते नुसते “बरं” म्हणाले.

तीन वर्षांपूर्वी सकाळी ते पावाचा डबा भरत होते, तेव्हा रोझविटा म्हणाली होती, “डॉक्टर म्हणतात, पॉलिप आहेत. काढलेले बरे.”

तिच्या घोरण्याशेजारी उभा जन्म काढलेला हा माणूस. नाकातलेच असणार, असं धरून चालला. झाकण लावता लावता म्हणाला, “काढून टाक की. नंतर आइसक्रीम मिळतं.”

ती खूप हसली. तिने जागा सांगितली नाही. असल्या जागेचं ती कधी बोलायचीच नाही. शिवाय नवऱ्याला पॉलिपमधलं कळतं, तो हसण्यावारी नेतोय म्हणजे घाबरण्यासारखं नाही, असा तिचा भरवसा. तिने तारीख पुढे ढकलली, मग आणखी एकदा ढकलली. आतड्यातले होते; काढायला गेली तोवर त्यांचा कॅन्सर झाला होता. कुठले, एवढंच विचारायचं होतं. परक्यांना हजारदा विचारलं, बायकोला विचारलं नाही.

क्रेमरबाई गेल्यावर लोझेंनी कपाटातून राहिलेले अर्ज काढले. पॉलिप हा शब्द असलेले सतरा निघाले. शुक्रवार होता, पाचला कचेरी बंद व्हायची. त्यांनी डबा न उघडताच बाजूला सारला आणि पहिला नंबर फिरवला.

पाचला दहा कमी असताना शेवटचा अर्ज उरला.

“आइसक्रीम मिळालं होतं का?”

“काय? आइसक्रीम?” पलीकडची बाई हसत सुटली, खूप वेळ, मोकळेपणी.

ते हसणं संपेपर्यंत लोझे फोन कानाला लावून बसून राहिले. मग त्यांनी हळूच विचारलं, “कुठले होते, बाई?”