लवंगतेल आणि कप्पा ब

‘लवंग व दालचिनी यांच्या तेलाचा ब्रॉयलर कोंबड्यांच्या वाढीवर कोणताही परिणाम होत नाही, हे संस्थेने निर्विवादपणे सिद्ध केले आहे.’ अहवालाचे हे पहिलेच वाक्य. खाली संचालकांची सही, इतकी ऐसपैस की तिच्यात दोन कोंबड्या पाय पसरून झोपल्या असत्या.

डॉक्टरीणबाईंनी ते वाक्य तीनदा वाचले. अँटिबायोटिकऐवजी तेलावर कोंबड्या वाढतात का, ही चाचणी त्यांची होती; तिच्यामागे दोन वर्षे गेली होती. उद्या सकाळी नवी पिल्ले येणार, आणि या वाक्याच्या बळावर, आजार असो वा नसो, पहिल्या दिवसापासून सगळ्या शेडमध्ये अँटिबायोटिकचे खाद्य सुरू होणार. हरकत घ्यायची तर आज चारच्या आत.

त्यांनी वाक्याचे शवविच्छेदन आरंभले. पशुवैद्यच त्या, हात सरावलेला होता. कप्पा अ मध्ये दोनशे कोंबड्या, खाद्यात तेल. कप्पा ब मध्ये दोनशे, खाद्य साधे. बेचाळिसाव्या दिवशी दोन्हीकडे सरासरी वजन दोन किलो तीनशे ग्रॅमच्या आसपास. फरक नाही, इथवर अहवाल खरा. पण याच शेडमध्ये, याच जातीच्या, साध्या खाद्यावर वाढलेल्या मागच्या चार बॅचेस दोन किलो शंभर ग्रॅमच्या पुढे कधी सरकल्या नव्हत्या. म्हणजे अ मागे पडला नव्हता. ब वर चढला होता. तो कशाच्या जोरावर, हा प्रश्न अहवालाला पडला नव्हता. असा प्रश्न पडायला शेडमध्ये जावे लागते, आणि तिथे बूट घाण होतात.

त्या तडक भांडारात गेल्या. भांडारपालाने चिठ्ठ्यांची फाईल पुढे सरकवली. बेचाळीस दिवस पुरावी म्हणून मोजून दिलेली तेलाची बाटली तिसाव्या दिवशीच संपली होती; वयाबरोबर खाणे वाढते हे धरले, तर बरोबर दुप्पट वेगाने. दुसऱ्या बाटलीची मागणी मामांची. मंजुरीची सही ऐसपैस.

मामा म्हणजे बाईंचे सख्खे मामा. सत्तावीस वर्षे या शेडमध्ये खाद्य घालत आलेले. भाची इथे रुजू झाली तेव्हा ही बातमी त्यांनी सर्वांत आधी कोंबड्यांना सांगितली होती. बाई शेडमध्ये पोचल्या तेव्हा ते पाण्याची भांडी घासत बसले होते.

“मामा, तेलाची बाटली एवढ्या लवकर कशी संपली?”

“गळत असेल.”

“काचेची बाटली?”

“हल्लीच्या काचेचा काय भरवसा, पोरी!”

“आणि तुमच्या शर्टाला रोज लवंगेचा वास येतो तो?”

“दाढ दुखते माझी. लवंग लावतो.”

“तुम्हाला कवळी आहे, मामा.”

मामांनी कवळी घट्ट मिटली. बाई शेजारच्या उपड्या बादलीवर बसल्या आणि आवाज न चढवता त्यांनी सगळे सांगितले: उद्याची पिल्ले, गरज नसताना औषध, गुंडाळले जाणारे काम.

“माझ्यामुळे?” मामा भांडे खाली ठेवत म्हणाले.

“तुम्ही खरं बोललात तर थांबेल. पण साहेब तुमच्यावर घसरतील.”

“घसरू देत. या शेडात मी सत्तावीस वर्षं घसरतोय, हाडं पक्की झालीत. चल.”

पावणेचारला दोघे संचालकांसमोर उभे राहिले. मामांनी एका दमात सांगून टाकले.

“भाचीनं पढवून आणलेलं दिसतंय,” संचालक म्हणाले.

बाईंनी मागणीची चिठ्ठी टेबलावर ठेवली. “ही सही कोणाची, सर?”

“माझीच. दिवसाला शंभर कागद येतात, बाई! प्रत्येक वाचत बसलो तर काम कधी करू?”

बाईंनी चिठ्ठी त्यांच्याकडे आणखी सरकवली. काही वाक्यांना टीप जोडली की त्यांची शोभा जाते.

“म्हणजे तुमचं तेल गुणकारी, असंच लिहायचं ना आता?” संचालक कुरकुरले.

“मुळीच नाही. दोन्हीकडे तेल गेलं, तर तुलना उरलीच कुठे? सिद्ध एवढंच झालं, की काही सिद्ध झालेलं नाही. अहवाल मागे घ्या. उद्याच्या पिल्लांवर चाचणी पहिल्यापासून करू, आणि तोवर या शेडमध्ये औषध नको.”

संचालकांनी चिठ्ठीकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि अहवालावर आडवी रेघ मारली, तीही ऐसपैस. मात्र खाद्य घालणाऱ्याचा लेखी जबाब हवा, असे त्यांनी बजावले. टंकलेखक मामांची भाषा जरा शुद्ध करू लागला, तेव्हा बाईंनी त्याचा हात अडवला. एक अक्षर बदलायचे नाही. तो जबाब फाईलला जोडला आहे, तो असा:

“तेल मी दोन्हीकडे घातलं. पहिल्या दिवशी एकाच कप्प्यात घातलं होतं. तर पलीकडची सगळी पिल्लं जाळीला येऊन चिकटली आणि माझ्याकडे बघत बसली. आता त्यांना काय सांगू, की तुम्ही तुलनेसाठी आहात? मला पंक्तिप्रपंच जमत नाही, साहेब. या वेळी मधे भिंत घाला, नाहीतर खाद्याला दुसरा माणूस लावा. मी असलो तर पुन्हा दोन्हीकडे घालीन.”