पांढरी अक्काची, गुलाबी लेकाची

त्या सकाळी न्हावीदादा तरंगतच दुकानात आले. पाय जमिनीला लागतायत की नाही, पत्ताच नाही! रस्ता कापसाचा झालेला, आरशातला उजेड दुधासारखा. "प्रेशर उतरलं बरं का आपलं," ते स्वतःशीच म्हणाले.

उतरणारच की! थोरली बहीण, अक्का, समोरच्या सरकारी दवाखान्यात आया. तिथल्या बाकावर ताटकळून मिळालेली पांढरी गोळी ते तिच्याखातर घ्यायचे. लेकानं खासगी डॉक्टर गाठून दिला होता; तिथे मऊ खुर्ची, गार हवा, गोड बोलणं. तिथली गुलाबी गोळी लेकाखातर. पांढरी सोडावी तर अक्का रुसणार, गुलाबी सोडावी तर लेकाचं तोंड एवढंसं होणार. गिऱ्हाइकांच्या हो ला हो करण्यात जन्म गेलेला माणूस तो! "दुसरीकडची गोळी चालू आहे का?" असं दोन्ही डॉक्टरांनी विचारलं होतं. दादांनी दोन्हीकडे ते हसण्यावारी नेलं.

खुर्चीत म्हातारे मास्तर गालांना साबण लावून डोळे मिटून बसले होते. दादांनी वस्तरा उचलला, तसा मास्तरांचा गळा हळूहळू लांब जायला लागला, पार नदीपलीकडे. किती शांत वाटत होतं! एवढ्यात पातं चमकलं आणि दादा भानावर आले. हात आपला राहिलेला नाही, हे त्यांना कळलं. त्यांनी वस्तरा मिटला आणि फरशीवरच बसकण मारली.

मास्तरांनी अर्ध्या दाढीनिशी त्यांना धरून रस्ता ओलांडला. दवाखान्यात प्रेशर पार तळाला गेलेलं निघालं. अक्कानं दादांच्या खिशातून गोळ्यांची दोन्ही पाकिटं काढली.

"नावं वेगळी, औषध तेच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुप्पट घेताय! कुठेही जा, पण एकाच ठिकाणी जा."

"बाळ्या, मेल्या!" अक्काचे डोळे भरून आले. "आमची मनं राखायला तू तरी राहायला नको का?"

दादांची नजर गुलाबी गोळ्यांच्या पाकिटावर गेली.

"जा, लेकाच्याच डॉक्टरकडे जा. तिथे ताटकळावं तरी लागत नाही," ती म्हणाली. पण त्यांचं मनगट काही तिनं सोडलं नाही.

दारात मास्तर उभे होते, अर्ध्या गालावर साबण वाळलेला. दादांनी त्यांच्याकडे फोन मागितला. लेकाला आज पहिल्यांदाच नाही म्हणायचं होतं.